मांजरपाटाचे पंख

आमच्या दादानं विमान बांधलं तेव्हा त्याच्या पंखांचं कापड मी शिवलं. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. ऐकणारा आधी हसतो, मग खेळण्यातलं का म्हणून विचारतो, आणि मग सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं. इथं पहिल्यापासूनच सांगते.

आम्ही तीन भावंडं. थोरला दादा, मधला अण्णा आणि शेंडेफळ मी. दोघं मला माई म्हणायचे. वडील रेल्वेत गार्ड, त्यामुळं लहानपण दौंडच्या रेल्वे कॉलनीत गेलं. मी शाळेत असतानाच आई गेली. वडील गाडीवर असले की दादा भाकरी थापायचा, अण्णा भांडी घासायचा आणि मी दोघांच्या मध्ये लुडबुड करायची. पुढं दादा रेल्वेतच फिटर म्हणून लागला. अण्णा रांजणगावच्या एका कारखान्यात मशीनवर उभा राहिला. मी तळेगाव ढमढेऱ्यात एका शाळेवर भूगोल शिकवू लागले. वडिलांनी रिटायर होताना शिरूरच्या कडेला छोटं घर बांधलं होतं. ते गेल्यावर आम्ही तिघं तिथंच राहिलो.

आमची लग्नं झाली नाहीत. त्याला एक असं काही कारण सांगता येणार नाही. दादाचं ठरत आलेलं मोडलं आणि पुन्हा त्यानं विषय काढू दिला नाही. अण्णा अबोल, मुलगी पाहायला गेला तर चहा पिऊन तसाच उठून यायचा. माझ्यासाठी हिंडून स्थळं पाहील असं कुणी मोठं माणूस राहिलं नव्हतं. वर्षं गेली आणि आम्हाला एकमेकांची सवय झाली. संध्याकाळी तिघं एकत्र जेवायला बसायचो, आणि दादा विमानाच्या गोष्टी सांगायचा.

त्याला हे वेड कॉलनीतल्या वाचनालयामुळं लागलं. तिथं जुन्या इंग्रजी मासिकांचे गठ्ठे पडलेले असत. त्यातलं एक चित्र तो शाळेत असताना बघून आला होता: वाळूवरून जेमतेम वर आलेलं, दोन मजली पंखांचं, काड्यांचं आणि कापडाचं विमान, त्यावर पालथा पडलेला एक माणूस, आणि बाजूला धावता धावता थबकलेला त्याचा भाऊ. आताची विमानं दादाला कधी आवडली नाहीत. त्याला ती पहिलीवहिलीच आवडायची, ज्यांत माणूस उघड्यावर असायचा आणि दोऱ्या ओढून पंख हलवायचा. पुढं मोबाईल आल्यावर तो रात्रंदिवस त्याच गोष्टी बघायचा आणि जेवताना आम्हाला सांगायचा.

टेकडीवरून पंख लावून उड्या घेणारा तो जर्मन माणूस, ज्याला एक दिवस वाऱ्यानं खाली आपटलं आणि मग तो उठलाच नाही. समुद्र ओलांडून गेलेला फ्रेंच माणूस, ज्याचा पाय आधीच भाजलेला होता. अमेरिकेतला तो म्हातारा विद्वान, सरकारनं ज्याला भरपूर पैसा दिला आणि ज्याचं विमान नदीत कोसळलं. पेपरवाल्यांनी त्याची इतकी टिंगल केली की तो पुढं फार जगला नाही. त्याच्यानंतर काही दिवसांतच त्या चित्रातल्या दोघा भावांचं विमान उडालं. दादा म्हणायचा, मला त्या म्हाताऱ्याचंच जास्त वाईट वाटतं. आपल्या चौपाटीवर या सगळ्यांच्या आधी एकानं विमान उडवलं होतं अशी जी गोष्ट सांगतात, तिच्याबद्दल मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "उडवलं असंल तर लय बरं वाटंल मला. पण कुणी नीट लिहून ठेवलं न्हाई, माई."

त्या दोघा भावांना एक बहीण होती, हेही मला दादानंच सांगितलं. ती शिक्षिका होती. आई गेल्यावर घर तिनंच सांभाळलं. त्या दोघांपैकी कुणी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ विमान कोसळून अंथरुणाला खिळला, तेव्हा ती शाळा सोडून कैक आठवडे त्याच्या उशाशी बसली. दादा हे सांगताना माझ्याकडं बघून हसला होता. "आपल्यासारखंच घर की," म्हणाला.

रिटायरमेंट जवळ आली तसं दादाच्या मनानं घेतलं, की ते विमान आपण बांधायचं. पूर्ण मापाचं. त्याला त्यात बसून कुठं जायचं नव्हतं. माणूस घेऊन उडवायला सरकारी परवानग्या लागतात आणि त्या आपल्याला मिळणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. ते जमिनीवरून उचललं जातं का, एवढंच त्याला बघायचं होतं.

आईचं माहेर इनामगावचं. मामाच्या मळ्यात एक पोल्ट्रीचं शेड रिकामं पडलेलं होतं. कोंबड्यांच्या धंद्यात मामाला खोट आली होती आणि शेडमध्ये नुसता भुसा आणि वास उरला होता. दादानं ते मागितलं. मामा म्हणाला, "घे बाबा, पर काय करणार हाइस तेवढं सांग." विमान बांधणार म्हटल्यावर मामानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेला.

दर सुट्टीला आम्ही तिघं अण्णाच्या मोटारसायकलवर नाहीतर एसटीनं इनामगावला जायचो. सांगाडा बांबूचा आणि सागाच्या पातळ पट्ट्यांचा. जिथं जोड आहे तिथं दोरा गुंडाळून वर सरस. अण्णा फार सफाईनं काम करायचा. लाकडी पंखा, म्हणजे विमानाला पुढं ढकलणारा पंखा, त्यानं पटाशीनं कोरून काढला. एक बिघडला, दुसरा केला. असे दोन हवे होते आणि एकमेकांच्या उलट फिरायला हवे होते, नाहीतर विमान एकीकडं ओढलं जातं. त्या दोघा भावांनी त्यासाठी एक साखळी पीळ देऊन घातली होती. दादानंही तसंच केलं. इंजिन एका मोडीत निघालेल्या मोटारसायकलचं.

कापडासाठी दादानं मांजरपाट आणला. त्यांनीही असंच साधं, न धुतलेलं सुती कापड वापरलं होतं. मला वाटलं होतं, सरळ पट्ट्या जोडून चादरी शिवाव्यात तसं शिवायचं. दादा म्हणाला, तिरकं कापायचं, म्हणजे धागे आडवे-उभे न राहता कोनात येतात आणि पंख पिळला तरी कापड ओढ धरतं. पंख पिळणं म्हणजे काय ते मला समजेना, तेव्हा त्यानं अगरबत्तीचा लांबडा रिकामा खोका घेतला आणि दोन्ही टोकं दोन हातांनी उलटसुलट फिरवली. खोका तुटला नाही, नुसता पीळ खाऊन तिरपा झाला. विमान वळवायचं ते असं. मग मी शाळेतून आल्यावर आमच्या पायमशीनवर तो मांजरपाट शिवत बसायची. कापड इतकं होतं, की ते सगळ्या खोलीभर पसरून दारातून ओसरीवर जायचं आणि अण्णा ते हातांवर तोलून धरायचा, मळू नये म्हणून. शेजारणी विचारायच्या, मांडव शिवताय का. मी हो म्हणायची.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा पाठ दुखायची आणि पेपर तपासायचे राहून जायचे.

आमच्याकडं पाऊस थोडा, पण आषाढात वारा मात्र पोटभर सुटतो. दादा त्या वाऱ्याचीच वाट बघत होता. घोड नदीच्या काठावर मामाच्या रानाला लागून मुरमाड, सपाट पट्टी आहे. तिथं त्यानं लाकडी रूळ टाकला. रूळ टाकायला तो बसला तेव्हा मात्र त्याच्या अंगात रेल्वे शिरली. दोरी धरून, डोळा लावून, पुन्हा पुन्हा तपासून त्यानं तो पश्चिमेकडं तोंड करून सरळ मांडला. रुळावर सायकलच्या चाकांच्या तुंब्यांवर, म्हणजे चाकाच्या मधल्या गोल भागावर, चालणारी एक छोटी गाडी, आणि तिच्यावर विमान.

सकाळची वेळ. मामा, मामी आणि आम्ही तिघं, एवढीच माणसं. पंख पिळायच्या दोऱ्या ओढायला खालच्या पंखावर पालथं पडायचं होतं अण्णाला, कारण तो दादापेक्षा हलका. दादा पंखाचं टोक धरून धावणार होता. मी काय करू, म्हणून विचारलं तर दादा म्हणाला, "तू हितं रुळाजवळ भुईला गाल लावून पड. आन् फक्त खालचा उजेड बघ. आम्हाला दोघांनाबी ते दिसणार न्हाई."

मी साडी सावरून मुरमावर पडले. खडे गालाला टोचत होते. इंजिन लागलं, साखळ्यांचा खडखडाट झाला आणि सगळा सांगाडा थरथरायला लागला. मला आता हे मोडणार आणि अण्णाला लागणार, एवढंच वाटत होतं. मग विमानाला मागं धरून ठेवणारी दोरी सुटली. गाडी रुळावरून सरकली, दादा धावत निघाला, धोतरासारखी त्याची ढगळ पँट वाऱ्यानं फडफडत होती, आणि रुळाच्या शेवटाला यायच्या आधीच मला ते दिसलं. गाडी खाली राहिली आणि विमान तिच्यावरून उठलं. मध्ये उजेडाची एक फट झाली. त्या फटीतून मला पलीकडची बाभळ दिसली. श्वास धरून ठेवावा इतकाच वेळ. मग डावा पंख खाली आला, विमानाच्या पोटाखालची लाकडी घसरपट्टी कडाडून मोडली आणि धुरळाच धुरळा.

आम्ही धावलो. अण्णा सरपटत बाहेर आला, कोपर सोललं होतं, तोंड धुळीनं पांढरं. त्यानं पहिलं मला विचारलं.

"माई, उचललं का?"

"उचललं."

"खरं सांग."

"पलीकडची बाभळ दिसली मला, अण्णा. खालून."

अण्णा तिथंच खाली बसला. दादा धापा टाकत येत होता, त्यालाही तेच सांगितलं. दादानं माझ्या गालावर रुतलेले खडे एकेक करून काढले. मामी म्हणाली, आता घरी चला, पोहे केलेत. आम्ही पोहे खाल्ले.

घसरपट्टी दुरुस्त करून पुढच्या वर्षीच्या वाऱ्याला पुन्हा बघायचं, असं ठरलं. पण पावसाळा सरता सरता दादाला ताप आला. पहिले दोन दिवस त्यानं अंगावर काढला. मग दौंडला रेल्वेच्या दवाखान्यात दाखवलं, डेंग्यू निघाला. पेशी उतरायला लागल्या तसं पुण्याला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्या उशाशी अण्णा होता, पायाशी मी. दादा शुद्धीवर होता आणि साखळीला ताण कमी पडतोय, इंजिन जरा मागं घ्यावं लागेल, असलं काहीबाही अण्णाला सांगत होता. अण्णा हो हो म्हणत होता. पुण्यात त्याला आत नेलं. नंतर आम्ही त्याला काचेतूनच पाहिलं. एक दिवस पहाटे डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला, त्यावरूनच मला कळलं.

ते दोघे भाऊ मला तेव्हा आठवले नाहीत. खूप नंतर आठवले, की त्यांच्यातला थोरलाही तापानंच गेला होता, भर वयात.

दादा गेल्यावर अण्णा इनामगावला गेला नाही. मी एक-दोनदा म्हणून पाहिलं, चल, निदान झाकून तरी येऊ. तो म्हणायचा, जाऊ पुढच्या रविवारी. नंतर मी म्हणणं सोडलं. तो सकाळी मला मोटारसायकलवरून स्टँडवर सोडायचा, तिथून मी तळेगावची गाडी धरायची. संध्याकाळी दोघं जेवायचो. दादाच्या जागी पाट मांडायची सवय मोडायला मला फार दिवस लागले. अण्णा मुळातच कमी बोलायचा, आता तेवढंही राहिलं नाही. पण तो घरात आहे, पलीकडच्या खोलीत खोकतोय, हे मला पुरेसं होतं, आणि त्यालाही पुरेसं असावं.

अशी काही वर्षं गेली. शाळेत गणिताचे एक सर होते. त्यांची पत्नी आजारपणात गेली होती, मुलगी पुण्यात नोकरीला. शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत आम्ही स्टँडवर बोलत उभे असायचो. दादा गेल्यानंतर दादाविषयी मला कुणी काही विचारत नव्हतं, लोकांना वाटतं विचारलं तर माणूस रडेल. सर विचारायचे. विमान कसं होतं, पंख कसे पिळायचे, सगळं विचारायचे. एक दिवस त्यांनी सरळच सांगितलं, की तुमची हरकत नसेल तर आपण लग्न करू. मी पन्नाशीला टेकले होते. मी विचार करायला वेळ मागितला, पण हो म्हणायचं हे मला त्याच दिवशी माहीत होतं.

सर बौद्ध, आम्ही मराठे. मला माहीत होतं की लोक बोलणार. मामा मुद्दाम इनामगावहून आला. "बये, ह्या वयात कशापायी? आन् करायचंच व्हतं तर..." एवढं बोलून तो थांबला. वाक्य पुरं केलं नाही, हा त्याचा चांगुलपणा म्हणायचा.

अण्णाला मी जेवताना सांगितलं. तो घास चावत राहिला. मग ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, माझंही घासलं. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं मला स्टँडवर सोडलं. मी उतरले तेव्हा म्हणाला, "दादा असता तर?" मी म्हटलं, दादा असता तर खूश झाला असता. अण्णानं गाडीला किक मारली. ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

लग्न रजिस्टर पद्धतीनं झालं. अण्णा आला नाही. मी सरांच्या घरी तळेगावला राहायला गेले. फोन केला की उचलायचा नाही. शिरूरला घरी गेले तर दाराला आतून कडी, मोटारसायकल अंगणात. मी हाका मारायची, थोडा वेळ पायरीवर बसायची आणि परत यायची. लोक म्हणायचे, जातीवरून धरून बसलाय. कारखान्यात त्याचा जीवाभावाचा मित्र सरांच्याच समाजातला होता, वर्षानुवर्षं दोघं एका डब्यात जेवत होते. तरीही जात नव्हतीच, असं मी छातीठोक म्हणणार नाही, माणसाच्या पोटात काय असतं ते कुणी सांगावं. पण मला वाटतं तो एकटा पडला होता. आधी दादा त्याला सोडून गेला, मग मी.

पहिल्या भाऊबीजेला मी फराळाचा डबा घेऊन गेले. दार उघडलं नाही, म्हणून डबा शेजारणीकडं ठेवला. दोन-चार दिवसांनी शेजारणीच्या नवऱ्याबरोबर डबा परत आला. धुतलेला, आणि तळाशी मूठभर साखर. रिकामा डबा परत पाठवू नये ही आमच्या आईची शिकवण. मी ती साखर चहात घालू शकले नाही, वाटीत तशीच राहिली, शेवटी मुंग्या लागल्या.

त्याच सुमारास एकदा मी मोबाईलवर त्या दोघा भावांच्या बहिणीबद्दल शोधून वाचलं. दादानं मला अर्धीच गोष्ट सांगितली होती. त्याला पुढचं माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. थोरला भाऊ गेल्यावर ती आणि धाकटा एकाच घरात राहत होते. पन्नाशी ओलांडल्यावर तिनं कॉलेजातल्या एका जुन्या मित्राशी लग्न केलं. त्या मित्राची बायको वारली होती. भाऊ इतका दुखावला, की लग्नाला गेला नाही आणि पुढं तिच्याशी बोललाही नाही. तिला न्यूमोनिया झाला आणि ती आता जगत नाही असं कळलं, तेव्हाही तो यायला तयार नव्हता. त्यांचा आणखी एक भाऊ होता, त्यानं गळ घातल्यावर आला, अगदी शेवटी. मी हे दोन-तीन वेळा वाचलं आणि सरांना वाचून दाखवलं. सर म्हणाले, "तो आला ना पण. काही का असेना, आला." मी म्हटलं, तिला मरावं लागलं त्यासाठी.

मामा गेल्यावर मामेभावानं शेड मागितलं. कांद्याला जागा हवी होती. त्याचं चूक नव्हतं, इतकी वर्षं त्यानं विमान तसंच ठेवलं होतं. मी अण्णाला निरोप धाडला, की अमुक दिवशी विमान मोडणार आहेत, ये. मेसेजही केला. तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या.

सर आणि मी गेलो. कापडाला मी भाताची पेज लावली होती, ताठ बसावं म्हणून. उंदरांनी ती पेज शोधून काढली होती आणि मांजरपाटाची चाळण झाली होती. माझी शिवण मात्र पुष्कळ ठिकाणी शाबूत होती, कापड गेलेलं आणि शिवणीची तेवढी पट्टी लोंबतेय, असं. मामेभावानं आणि गड्यानं दोऱ्या कापायला सुरुवात केली. मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. अण्णा मोटारसायकलवरून आला नव्हता, पण शिरूरहून येणारी एसटी अजून यायची होती. गाडी आली, माणसं उतरली, रस्त्यानं गावात गेली. मग मी म्हटलं, करा आता. बांबू मामेभावानं टोमॅटोच्या ताटीला घेतले, चांगले होते अजून. इंजिन भंगारवाल्याच्या टेम्पोत गेलं. अण्णानं कोरलेले दोन्ही पंखे भिंतीला टेकवून ठेवले होते. सरांनी विचारलं, यातलं काही घरी न्यायचं का. मी नको म्हटलं. ते नेऊन मी कुठं ठेवणार होते, आणि रोज बघून काय करणार होते. मामी म्हातारी झाली होती. ती ओट्यावरून म्हणाली, "उडालं व्हतं पर ते. म्या बी बघितलंय." इतक्या वर्षांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मी एकटीनंच पाहिलंय.

गेल्या थंडीत शिरूरहून शेजारणीचा फोन आला. दूधवाल्यानं दार वाजवलं, आतून आवाज येईना, मग लोकांनी कडी तोडली. अण्णा मोरीजवळ पडलेला होता. लकवा. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. त्यानं मला पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या सरांना पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. मी त्याचा डावा हात धरला. उजवा गेला होता. डाव्या हातानं त्यानं माझा हात ढकलला नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की वाचा येईल असं वाटत नाही. मी काही विचारायच्या आत सर म्हणाले, त्यांना आपल्याकडंच न्यायचं. तेव्हापासून अण्णा तळेगावला आमच्या पुढच्या खोलीत आहे. त्याला एकच शब्द राहिला आहे: "बरं." भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं, दुखलं तरी बरं. चेहऱ्यावरून आणि आवाजाच्या चढउतारावरून आम्ही ओळखतो. रोज सकाळी सर त्याची दाढी करतात. पहिल्या दिवशी त्यांनी गालाला साबण लावला तेव्हा अण्णाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सर फेसाबरोबर तेही पुसत गेले. आता त्याला त्याची सवय झाली आहे. सर वाटी घेऊन येताना दिसले की तो हनुवटी वर करतो.

विमान मोडलं, हे मी त्याला सांगितलं. कधीतरी सांगायलाच हवं होतं. मामी काय म्हणाली तेही सांगितलं. त्यानं खिडकीकडं बघत बरं म्हटलं.

मला त्याला एकच विचारायचं होतं आणि ते मी बरेच दिवस टाळत होते. परवा संध्याकाळी सर बाजारात गेले होते. मी अण्णाची खुर्ची अंगणात ठेवली होती, जाणाऱ्या-येणाऱ्या जीपा बघायला त्याला आवडतं. मी शेजारी मेथी निवडत बसले होते. मी विचारलं, "अण्णा, तू दार का नाही उघडलंस रे? राग होता, का माझ्यासमोर यायची लाज वाटत होती?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. ओठ हलले. काहीतरी वेगळं यावं म्हणून तो धडपडत होता, मला ते दिसत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मग तेच आलं.

"बरं."

आणि पुन्हा एकदा, हळू, "बरं, बरं."

त्याचा अर्थ मी रात्रभर लावत बसले असते, पण तसं केलं नाही. मेथी निवडून झाली होती आणि बाहेर गार व्हायला लागलं होतं, म्हणून मी त्याला उठवून आत घेतलं.